घोडीचे दात

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ डिसेंबर १९८१

भाऊजी, दिवाळीपासून माझी दोन पत्रं गेली आणि तुमच्याकडून साधं कार्ड नाही. हात मोडलाय की वडूजचं पोस्ट बंद पडलंय, ते तरी कळवायचं. तुमच्या थोरल्या भावाची फटफटी इथं अखेरच्या घटका मोजतेय आणि तुम्ही तिकडं उन्हात शेंगा फोडत बसलाय.

आता रीत. रा. रा. संपतराव भाऊजी यांस हौसाबाईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. म्हणजे माणसं क्षेम, गाडी नाही.

हे गेल्यापासून गाडी जिन्याखाली उभी असते. नात मीनाक्षी मुनिरक्याला खोली घेऊन राहते, तिथून विद्यापीठ जवळ पडतं. ती रविवारी येऊन गाडी फिरवते. बायकांनी फटफटी चालवावी का, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच चालव म्हणाले असते. पण दोन वर्षांपासून इंजिन तेल गाळतंय. आधी थेंब होते, आता थारोळं असतं. समोरचे बंगाली साहेब परवा भाजीच्या पिशवीसकट घसरले. कुमुद, म्हणजे आमची सून, रोज भुसा टाकून टाकून कंटाळली.

त्यात आमच्या सूर्यकांतची भोपाळला बदली झाली. संक्रांतीनंतर क्वार्टर सोडायचं. तो लेकीला म्हणाला की हा लोखंडाचा आजारी जीव मी भोपाळला नेणार नाही, कबाडीवाल्याला भंगारात देणार. ती ऐकेना. शेवटी ठरलं ते असं: संक्रांतीला तिनं गाडी पानिपतला काला अंबच्या रणस्मारकापर्यंत न्यायची, हे दरवर्षी माथा टेकायला न्यायचे तशी, आणि परत आणून रात्रभर वर्तमानपत्रावर उभी करायची. कागद कोरडा राहिला तर गाडी मीनाक्षीची. डाग पडला तर कबाडीवाला सकाळी दारात.

पोरीनं इंजिनाचं झाकण स्वतः उघडलं. आतलं पॅकिंग पार वाळकं झालेलं. मग आम्ही दोघी करोल बागेत गेलो. पहिला दुकानदार म्हणाला की असला माल आता विलायतेतच. दुसऱ्यानं काचेच्या कपाटातून एक पॅकिंग काढलं आणि पोरीच्या खोलीभाड्याला भारी पडेल असा भाव सांगितला. मी माझ्या हिंदीत विचारलं, हे मुलीच्या लग्नासाठी घडवून ठेवलंय का. हसला, चहा पाजला, भाव सोडला नाही. तिसरा नव्या गाडीचं गळ्यात मारत होता. हिनं झाकणावरून पुठ्ठ्याचा खाका काढून नेला होता. तो वर ठेवून दाखवला की भोकं जुळत नाहीत. तो मला म्हणाला, माताजी, ही मुलगी कुठून आणली? मी म्हटलं, घरचीच आहे, विकायची नाही.

हट्टी आहे. तुमच्या घराण्याचा गुण नाही तो, माझ्या माहेरचा आहे. खाका सोबत पाठवते. तुमच्या ट्रंकेत मिलिटरीच्या वेळचं काय काय सडतंय, बघा.

माया आहेच, ती कोरडी ठेवू नका, काहीतरी पाठवा.

हौसाबाई


वडूज, जि. सातारा
१९ डिसेंबर १९८१

ती. गं. भा. वहिनींस संपतचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

हात शाबूत आहे. मोतीबिंदू काढला म्हणून लिहिणं बंद होतं. तुमचं पत्र सुनेनं वाचून दाखवलं, हेही तिच्याच हातचं. शेंगांच्या वाक्याला ती इतकी हसली की पुढचं मला उशिरा कळलं.

मीनाक्षीचा खाका हातात घेऊन बघितला. इतका नेमका खाका आमच्या वर्कशॉपातले दहा वर्षं मुरलेले गडी काढत नसत. तिला सांगा, आजोबा असते तर त्यांनी पाना तिच्या हातात देऊन स्वतः बाजूला बसायला स्टूल घेतलं असतं, आणि हा मान दादांनी मला, सख्ख्या भावाला, कधी दिला नाही.

विकत काही घेऊ नका. ट्रंकेत कॉर्कचा पत्रा होता, त्यातून दोन पॅकिंगं कापून पार्सलनं पाठवतोय. बसवायच्या आधी दिवसभर तेलात भिजू द्यावीत. तरीही गळालं तर इंजिन पुसून कोरडं करा, वर तोंडाला लावायची पावडर मारा आणि गाडी चालवा. जिथं पावडर ओली होईल तिथं रोग.

सूर्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. लहानपणी तो या गाडीला घोडी म्हणायचा, आठवतं? स्वतःच्या वाटणीचे हरभरे तिला चारायला न्यायचा. मुलांना कोण काय सांगतं कोण जाणे. तो गाडी भंगारात देईल हे मला पटत नाही, पण बदलीच्या घाईत माणूस काहीही करतो.

मी तुमच्या धाकात आहे तोवर मला दुसऱ्या औषधाची गरज नाही. तो धाक असाच राहू द्यावा.

आपला धाकटा दीर,
संपतराव


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१७ जानेवारी १९८२

डोळ्याचं ऑपरेशन झालं ते आधी कळवायचं असतं, म्हणजे मी आधी विचारपूस केली असती आणि मग बोलले असते. आता बोलून झालंय, ते परत घेत नाही. आशीर्वाद.

तुमचं पॅकिंग झकास बसलं. तिथून गळणं थांबलं आणि दुसरीकडून सुरू झालं. दुसरं बसवलं, तर तिसरीकडून. मग मीनाक्षीनं कुमुदची पावडर मारली. एक फेरी मारून आली तो सगळं इंजिन रडून काजळ ओघळल्यासारखं. एका जागी नाही, सगळीकडून. संक्रांत तीन दिवसांवर. सूर्यकांतनं कबाडीवाल्याला निरोप धाडला. पोरगी जेवेना.

त्या सकाळी मी डाळ लावली होती. कुकरच्या शिटीत तुरीचं साल अडकलं, आणि वाफ शिटी सोडून झाकणाच्या कडेनं फुसफुसायला लागली. मी रबराला शिव्या घालत होते. मीनाक्षी म्हणाली की आजी, रबर चांगलं आहे, शिटी बंद आहे. आणि बोलता बोलता जिन्याखाली पळाली. मी मागोमाग. म्हणाली, इंजिनालाही शिटी असणार. तीही बंद झाली तर तेल फटीफटीतून बाहेर पडेल, मग पॅकिंग सोन्याचं का असेना. शोधून शोधून मागच्या अंगाला एक बोटभर नळी सापडली. माझी विणायची सुई घातली तर आत जाईना. उकरून उकरून काळी, दगडासारखी गोळी निघाली.

तिला वाटलं इंजिनाचा मळ. मी फोडून बघितली. आत हरभऱ्याची डाळ होती, भाऊजी. खोबरं होतं. पेढ्याचा वास अजून येत होता.

सूर्यकांत ऑफिसची बॅग घेऊन उभाच होता. कान लाल. दर खंडेनवमीला गाडीची पूजा तोच करतो. हार घालतो, कुंकू लावतो, आणि आमची पाठ वळली की त्या नळीत नैवेद्य भरवतो. लहानपणापासून. पन्नाशीला आलेला सरकारी माणूस! भंगारात घालतो म्हणणारा हाच आणि पेढा भरवणारा हाच.

मग मला उलगडलं. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे बंधू तार घेऊन गाडीखाली बसायचे. मी काय करताय विचारलं की म्हणायचे, घोडीचे दात कोरतो. मला वाटायचं बाजारात जायचं टाळतात. पस्तीस-चाळीस वर्षं लेकाचा नैवेद्य काढत राहिले आणि त्याला कधी कळू दिलं नाही. ते गेले, दात कोरणारं कुणी उरलं नाही, घोडी गळायला लागली. माणूस तोंडाचा फटकळ होता, पण हे असलं मला जमलं नसतं. मी पहिल्याच वर्षी कान उपटला असता.

संक्रांतीला मीनाक्षी पानिपतला गेली. मागच्या सीटवर कोण असेल? तिचा बाप, मफलर गुंडाळून. काला अंबला दोघांनी माथा टेकला. परत आल्यावर गाडी वर्तमानपत्रावर उभी केली. उजाडायच्या आत सूर्यकांतच पहिला जाऊन वाकून आला. कागद कोरडा. कबाडीवाल्याला त्यानं तिळगूळ दिला आणि गोड बोलून वाटेला लावलं.

गाडी आता मुनिरक्यात, मीनाक्षीच्या दारात. दसऱ्यानंतर दात तिनं कोरायचे, नैवेद्य भोपाळहून येऊन बापानं भरवायचा, असं मी ठरवून दिलंय.

राहिलं एक. घोडीचं तोंड म्हणजे ती नळी असं सूर्यकांतला दाखवलं कुणी, हे मी विचारलं. त्यानं सरळ संपतकाकांचं नाव घेतलं. मुलांना कोण काय सांगतं कोण जाणे, नाही का?

आता डोळा बरा झालाय. तेव्हा सुनेकडून लिहवून घ्यायचं नाही. उत्तर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि ते मला नाही, मीनाक्षीला.

हौसाबाई