गुडवेगबाईंच्या लक्षात

सोमवार, ९ जानेवारी
आलो एकदाचा या बेटावर. मासे कापण्याच्या कारखान्याला रामराम. आता डोंगराच्या पोटातल्या लष्करी ठाण्यात सामान हलवायचं काम. खोली उबदार आहे, शेजारी बेकरी. पुढच्या गुरुवारी धाकटी बहीण इंगुन बोटीनं येईल. आई गेल्यापासून आत्याकडे होती, आता माझ्याकडेच राहणार. सोळा वर्षांची झाली तरी मी धक्क्यावर दिसलो नाही तर घाबरेल. नक्की येतो म्हणून वचन दिलंय.

मंगळवार, १० जानेवारी
फाटकावर मोबाइल, घड्याळ, सगळं पत्र्याच्या कपाटात. कागदाचा कपटाही आत-बाहेर नाही. दातांच्या डॉक्टरकडे जायचा गजर लावला होता, तो कपाटातच बोंबलला. वेळ हुकली. हातावर लिहिलं, तर कामावरचा जोडीदार रोआल्डनं थुंकी लावून पुसायला लावलं. वर म्हणाला, वेमुंड पोरा, डोकं काय फक्त टोपी अडकवायला दिलंय? आणि जमत नसेल तर गुडवेगबाईंना सांगून ठेव, सगळेच ठेवतात.

बुधवार, ११ जानेवारी
या बाई कँटीन सांभाळतात. सकाळी कॉफी घेताना सांगायचं. निघताना त्या दारात उभं राहून एकेकाला आठवण करून देतात. रोआल्डला म्हणाल्या, तुझ्या बायकोचं नाव मारेन आहे, आज तिचा वाढदिवस, केक ने. सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा. मीही डॉक्टर, भाडं, इंगुनची बोट सांगून टाकलं. जाळीदार वाफल-केक गरम, वर तपकिरी चीज सढळ हातानं. जीभ सैल सुटली. आईचं माशांचं सूप, इंगुनचं लहानपण, सगळं बोलून बसलो.

शुक्रवार, १३ जानेवारी
वैताग नुसता. आईचं सूप करायला घेतलं आणि पुढे काय ते आठवेना. कितीदा केलंय मी हे. पातेलं धरून बावळटासारखा उभा. शेवटी कोरडा ब्रेड चावला.

सोमवार, १६ जानेवारी
बाईंना सुपाचं विचारलं. म्हणाल्या, दूध शेवटी रे बाळा, नाहीतर फाटतं, आई नेहमी सांगायची. कुणाची आई, ते विचारायचा धीर झाला नाही. रोआल्डला सांगितलं, तर म्हणे, निघताना परत सांगतात ना? तुला ओझं वाहायची हौस असेल तर वाहा.

मंगळवार, १७ जानेवारी
यापुढे बाईंना काही सांगायचं नाही. त्या विचारतच राहतात. इंगुनच्या कुठल्या गालावर खळी पडते? मी कप ठेवून निघालो. मग लक्षात आलं, आता मलाच आठवत –

बुधवार, १८ जानेवारी
उद्या बोट. सुट्टी मागितली, साहेब म्हणाले, नवख्याला नाही. विसरू नये म्हणून दिवसभर पुटपुटत खोकी उचलली. इंगुन, बोट, धक्का. वळून बघतो तर बाई पाठीशी. कधीपासून उभ्या होत्या –

गुरुवार, १९ जानेवारी
आज बाई दारात नव्हत्या. सगळे तिथेच घुटमळत होते, रोआल्डही. पाय कुठे वळवायचे ते कुणाला –

बाई लवकर गेल्या म्हणे. त्यांची बहीण यायची होती.

धक्क्यावरून आलो. बाईंनी एका मुलीचा दंड धरलेला. मुलगी मला बघून ओरडली, वेमुंड. रडत होती. बाई म्हणाल्या, चल गं घरी, तमाशा नको. मी मान लववली, पुढे झालो. परक्यांच्या भांडणात कशाला –

फोन थांबत नाही. पडद्यावर नाव येतंय, इंगुन. बाईंच्या बहिणीचा नंबर माझ्याकडे कसा –

परत वाजतोय. मी तिला कधी –