ऑल्डरिकचा उजवा हात

बाल्क्लूथा, मंगळवार

प्रिय नायरी,

तुझं कार्ड पोचलं. या भागाचं टपाल मीच वाटतो, तेव्हा ते गाडीतच वाचलं आणि पुढच्या तीन फार्मांचं टपाल उशिरा गेलं. 'अकरा शनिवार तुझा ऑल्डरिक आमचे घोडे सांभाळतोय. आता घोड्यांनाच त्याची कीव येते. रुसवा पुरे, ये की मेल्या!' असं लिहिलंयस. जो खेळायला येत नाही त्याच्या पात्रानं घोडे सांभाळायचे, हा आपल्या टेबलाचा नियम मला मान्य आहे. पण मी रुसलेलो नाही. मला परत यायचंय. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती ऐकून तू मला दार दाखवलंस तरी मी तक्रार करणार नाही.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत, जिथे आपण फासे टाकत एकेका पात्राची गोष्ट खेळतो तिथे आलो, तेव्हा मला कुऱ्हाडवाला दांडगट व्हायचं होतं. तुझा नवरोबा डगल म्हणाला, 'दिवसभर लोकांच्या कुत्र्यांना घाबरतोस, इथे तरी जरा मोठा माणूस हो!' आणि त्याने उघड्या हाताच्या पंथाचं पान माझ्यापुढे सरकवलं. हा पंथ आपला खेळ चालवणाऱ्या मोरागने रचलेला. दिवसभर गायींची बाळंतपणं करणाऱ्या बाईला हे सुचतं कसं, कोण जाणे. या पंथाचे सरदार लढताना उजव्या हातात मोजा घालत नाहीत, हातात काही लपवलेलं नाही हे शत्रूलाही दिसावं म्हणून. तोच हात जखमेवर ठेवला की जखम भरते. शपथा दोनच. खोटं बोलायचं नाही आणि पडलेल्याला सोडून जायचं नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं. मग तो खिंडीतला प्रसंग घडला. राक्षसांच्या म्होरक्याने विचारलं, 'किती जण आहात?' आणि मी ऑल्डरिकच्या तोंडून सांगून टाकलं, 'चार. त्यातला एक लंगडा.' डगल चीज रोल उगारून माझ्या अंगावर आला, 'अरे गाढवा, चाळीस तरी म्हणायचं!' पण इतकं खरं कुणी बोलेल यावर त्या म्होरक्याचा विश्वासच बसला नाही. सापळा आहे समजून तो माघारी फिरला. त्या रात्री मला अभिमानाने झोप आली नाही. पुढच्याच आठवड्यात मी शेजाऱ्याकडे जाऊन सांगितलं की तुमचं कुंपण वाऱ्याने नाही, माझ्या गाडीने पडलं. कागदावरच्या सरदाराने मला इतकं सुधारलं होतं.

डगल गेला तेव्हा आम्हाला वाटलं, त्याचा म्हातारा चोर विल्किनही गेला. तिसऱ्या शनिवारी तू आलीस, त्याच्या खुर्चीत बसलीस, विल्किनची सगळी माहिती लिहिलेला, चहाचे डाग पडलेला त्याचा कागद उलगडलास आणि म्हणालीस, 'मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण विल्किन जिवंत आहे ना? मग शिकवा मला.' चार महिन्यांत तू डगलपेक्षा पक्की चोर झालीस. कागदावर वर त्याचं अक्षर, खाली तुझं. मी तुझ्याइतकं धीराचं माणूस पाहिलेलं नाही.

आणि मग ती विहीर. विल्किनच्या पोटात भाला गेला. मोराग म्हणाली, ऑल्डरिकने हात ठेवावा, फाशावर दहा किंवा त्याहून जास्त पडले तर विल्किन जगेल, नाही तर संपला. तू तो कागद दोन्ही हातांनी धरला होतास. मी वीस बाजूंचा फासा टाकला. तो घरंगळत बिस्किटांच्या डब्यामागे गेला, माझ्या बाजूला. तीन पडले होते, नायरी. मी फासा झटकन उचलला आणि ओरडलो, 'सतरा!' तू मला मिठी मारलीस. मी वर चीज रोल खाल्ला.

पुढच्या शनिवारी ऑल्डरिकने एका जखमीवर हात ठेवला, तर काहीच झालं नाही. मोराग शांतपणे म्हणाली, 'हात गार आहे. तुझ्या देवाला सध्या तुझ्याशी बोलायचं नाहीये.' तुम्ही सगळे खूश झालात, आता गोष्टीला रंग चढणार म्हणून. मला मात्र कळलं की मोरागच्या खुर्चीवरून डब्यामागचं दिसतं. तिने मला चारचौघांत उघडं पाडलं नाही आणि माझं खोटं पचूही दिलं नाही. असं वागायला मोठं मन लागतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून मी पळालो.

काल टपाल द्यायला तिच्या दवाखान्यात गेलो आणि धीर करून विचारलं, 'ऑल्डरिकला परतीची वाट आहे का गं?' तिच्या काखेत कुणाचं तरी मांजर होतं. म्हणाली, 'पंथाचं पान सहा वर्षांत एकदा तरी उलटून बघितलंस का?' घरी येऊन पाहिलं. मागे लिहिलंय, 'ज्याच्यासाठी खोटं बोललास, त्याला स्वतःच्या हाताने सगळं लिहून कळव. पुढचं तो ठरवील.' म्हणून हे पत्र. मला वाटत होतं, खरं सांगितलं तर शिक्षा मला होईल. आता लिहिताना कळतंय की तीन पडले होते म्हणजे विल्किन त्या विहिरीपाशीच गेला, आणि ही बातमी मी तुला देतोय. डगलच्या उशाशी नऊ आठवडे बसून त्याला हसत निरोप दिलास तू, आणि तुला एक मरण झेपणार नाही असं मीच परस्पर ठरवून टाकलं. माझा खरा खोटेपणा तो होता. त्याची मला फार लाज वाटते. विल्किनला ठेवायचं की जाऊ द्यायचं, ते तू सांग. जाऊ द्यायचं ठरवलंस तर त्याला मूठमाती द्यायला मला बोलाव, एवढंच मागणं आहे.

तुझाच,
कॅलम