वारसा यादीतला बंगला

३ मार्च
पोहोचलो एकदाचे! सरकारी वारसा यादीतला हा दीडशे वर्षांचा, साहेबाच्या अमलातला बंगला महिनाभर आमचं घर. मी त्याचा इतिहास लिहायचा, दादाने नकाशे काढायचे. छत इतकं उंच, की जळमटं काढायची तर आपल्याला आपल्याच खांद्यावर चढावं लागेल, असं दादा म्हणाला. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. त्याच्यासोबत काम म्हणजे सुट्टीच!

६ मार्च
बंगल्याच्या जुन्या सरकारी दप्तरात पहिला मालक सापडला. न्यायाधीश, अगदी शांत माणूस. राहायला आल्यावर पंधरवड्यात, भर दुपारी, त्याने बायकोला कुऱ्हाडीने तोडलं. पुढे एका डॉक्टरने सख्ख्या भावाला. मग एका हेडमास्तरांनी मुलीला. तिघांची जबानी सारखीच: हात ऐकेना. दादाला वाचून दाखवलं, तर म्हणाला, पुस्तक खपणार तुझं.

१० मार्च
दादा टेप धरून दार मोजत होता. मी पटाशीने भिंतीचा जुना रंग खरवडत होते. पुढचं आठवतं ते एवढंच: पटाशी त्याच्या खांद्यात रुतलेली, आणि ती उपसून मी पुन्हा हात उगारलेला. त्याने माझं मनगट पिरगळलं म्हणून वाचला. आठ टाके. शिडीवरून पडलो, असं दवाखान्यात सांगितलं त्याने. माझ्यावर रागावलासुद्धा नाही.

११ मार्च
निघालो होतो. गाडी फाटकाशी आली आणि माझा उजवा हात ड्रायव्हरच्या गळ्याभोवती – त्याचे डोळे पांढरे झाले. दादाने बोटं एकेक करून सोडवली. आम्हाला तिथेच उतरवून ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला. बंगला राखणाऱ्या मावशी सगळं बघत होत्या. "पोरी, एकदा उठलेला हात या घराचा होतो," एवढंच म्हणाल्या.

१२ मार्च, दुपार
दादाला म्हटलं, मला कोंड आणि तू जा. त्याने बाहेरून कडी घातली. पावलं लांब गेली.

डाव्या हाताने लिहितेय. उजव्याने खिडकी फोडली. काचेचा तुकडा घट्ट धरलाय, तळवा हाडापर्यंत चिरलाय – मूठ उघडत नाही. बोटांना चावून पाहिलं. नाही.

पावलं. परत आला – गेलाच नव्हता. ओरडले, उघडू नकोस.

"तुला टाकून कुठे जाऊ, बाळा?"

कडी सरकतेय. दादा, मागे हो – मी उठलेय – दादा, मी दाराशी