मामा पास झाला

१० नोव्हें., सोमवार
सुपरवायझर वर्माजींनी चहाच्या वेळी बातमी दिली. रेडिओच्या नगांची पॉवर आता हाताने लिहायची नाही. कॉम्प्युटर मीटरला विचारणार, मीटर आकडा देणार. शनिवारी गिऱ्हाईक कंपनीचे साहेब बघायला येताहेत. "दीदी, आपसे हो गया तो टेबल आपका, नहीं तो पैकिंग में देख लेंगे." अठरा वर्षं हे टेबल माझं आहे. खोके चिकटवायला मी जाणार नाही!
मॅन्युअल घरी आणलं. सगळं इंग्रजी. ह्यांनी हातात तोलून पाहिलं, "वजनात तर पास आहे."

११, मंगळवार
दुपारपर्यंत मीटरचं मौनव्रत. मग कळलं, विचारायचं असेल तर आदेशाच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं. लावलं, आणि मीटरने नाव-नंबर सगळं सांगितलं. मी टाळीच वाजवली. शेजारच्या टेबलावरची चंदा (पीपलरावां गावची) म्हणाली, "क्यों भाभी, मशीन से रिश्ते की बात चल री हे क्या?"

१२, बुधवार
आज पॉवर मिळाली! 'फेच', म्हणजे 'आण', म्हटलं की आकडा हजर, क्षणाचाही उशीर नाही. वर्माजींनी समोसे मागवले. घरी येऊन ह्यांनाही म्हटलं, "फेच चहा!" तर म्हणे, "सकाळचा आहे, देऊ?" काय माणूस आहे.

१३, गुरुवार
मामा पास झाला.
मामा म्हणजे आमचा बिघडलेला नग. लाल पट्टीवाला, पेढ्यांच्या खोक्यात राहतो. वीसच्या खाली आकडा म्हणजे नापास, आणि मामा सतराच्या वर कधी गेला नाही. रोज सकाळी पहिला तोच लावायचा. मीटरने त्याला नापास केलं म्हणजे मीटर शुद्धीवर, मग काम सुरू.
आज चांगल्या नगावर सराव करून मामा लावला. एकवीस, पास. त्याच्यामागून पुन्हा चांगला लावला. सतरा, नापास! चंदा हसून बेजार. मीही हसले, पण बसमध्ये रडू आलं. पॅकिंगचे खोके दिसायला लागले.

१४, शुक्रवार
सकाळी ह्यांनी कप पुढे केला. "आजचा आहे हं, कालचा नाही." तिथेच ट्यूब पेटली! 'फेच' म्हणजे मीटरकडे आधीचा तयार असलेला आकडा. हाताने करायचे तेव्हा नग लावला की पुढच्याचा कनेक्टर पुसत बसायचे, तेवढ्यात आकडा स्थिरावायचा, मगच लिहायचे. ही सवय मी कॉम्प्युटरला सांगितलीच नाही. त्याने मामाच्या नावावर आदल्या नगाचा आकडा उचलला आणि मामाचा पुढच्याच्या माथी मारला.
मॅन्युअलमध्ये सापडलं. 'रीड'. म्हणजे नव्याने मोज, पुरं झालं की दे. मामा लावला. सतरा. नापास!! इतका आनंद मला स्वतःच्या दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता.

१५, शनिवार
साहेब आले. पहिला नग मामा. ते दचकले, "पहला ही फेल?" म्हटलं, "सर, ये फेल हुआ तभी तो बाकी का पास सच्चा." पुढचे सगळे पास. साहेब मनापासून हसले. टेबल माझं!
जाताना विचारलं, "पीथमपुर में भी यही लगाना है. दो महीने के लिए आएँगी?" सोमवारपर्यंत सांगते म्हटलं.

१६, रविवार
ह्यांचं म्हणणं, जा. वन्सं तिथून जवळच धारला आहेत, राहायची सोय होईल. स्वयंपाक करीन म्हणतात. (वरण-भात येतो. चहा शिळा का होईना.) चंदाचा फोन, "जाओ भाभी, पर मामा को मत ले जाना, सुबे-सुबे हम किसको फेल करेंगे?"
जावंसं फार वाटतंय. या वयात कोणी बोलावतंय! आणि टेबल कालच तर परत मिळालं.
सकाळपासून चारदा मनाला विचारलं. आकडा अजून हलतोय.