विशेषणे वगळून उरलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र

मी, पाट्या कोरणाऱ्याची विधवा, वय ऐंशीच्या पुढे, आज पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दडपणाखाली नाही. उलट घरातले सगळे माझ्या दडपणाखाली आहेत. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि कोपऱ्यावरचे टायपिंगवाले लिहीत आहेत. माझे बोलणे सुधारायचे नाही असे त्यांना बजावले आहे. फक्त मी ‘मेल्यावर’ म्हटले की त्यांनी ‘माझ्या पश्चात’ लिहावे, तेवढी त्यांची हौस.

कलम पहिले. बँकेत आहे ते माझ्या औषधपाण्याला आणि शेवटच्या खर्चाला. उरेल ते थोरल्या मुलाच्या मुलीला, कारण ती माझ्या विनोदांना हसते. बापाच्या भाषणांनाही हसते, पण ते त्याला अजून कळलेले नाही.

कलम दुसरे. खालच्या कारखान्यातल्या कोरण्या, हातोड्या आणि पॉलिशचे चाक माझ्या धाकट्या मुलीला. वडिलांचा हात थरथरू लागला तेव्हापासून कारखाना तीच चालवते. आमचे काम निरोपसमारंभाच्या पितळी पाट्यांचे. यजमान कोरायचे, मी घासायची. ‘भला माणूस होता’ एवढे आपल्या भाषेत कोरून घ्यायला आजवर कुणी आले नाही. सगळ्यांना इंग्रजी हवे. इंपेकेबल म्हणजे दोष नाही. ब्लेमलेस म्हणजे ठपका नाही. स्पॉटलेस म्हणजे डाग नाही. मी यजमानांना विचारले होते, अर्थ एकच तर शब्द इतके कशाला? म्हणाले, एका शब्दाने भागत नाही असेही साहेब असतात.

एका साहेबाची पाटी तयार झाली आणि समारंभाच्या आदल्या दिवशी साहेबाला पोलीस घेऊन गेले. पाटी न्यायला कोण येणार? यजमानांनी नाव घासून काढले, शब्द तसेच ठेवले, आणि तीच पाटी पुढच्या साहेबाला दिली. त्याचेही तेच झाले, म्हणून त्याच्या पुढच्याला. नावाच्या जागी पितळेला खळगा पडला, पण शब्दांची झीज झाली नाही. ते कुणाला चिकटलेच नव्हते. माझे मत असे की, दुकानदार स्वतःला प्रामाणिक म्हणवू लागला की आपण त्याचा काटा बघतो. तेच त्याने इंग्रजीत म्हटले की आपण त्याला बसायला खुर्ची देतो.

कलम तिसरे. थोरल्याबद्दल. तो मोठ्या कंपनीत आहे. लोकांनी नीट वागावे हे बघायचे खाते त्याच्याकडे आहे आणि त्यावर तो व्याख्याने देतो. मध्यंतरी तो माझे मृत्युपत्र तयारच करून घेऊन आला, इंग्रजीत. मी नुसता अंगठा उठवायचा होता. त्यात सगळी व्यवस्था बघणारा म्हणून त्याचेच नाव आणि पुढे ‘अनइंपीचेबल कॅरेक्टर’.

मी विचारले, “म्हणजे काय रे?”

“म्हणजे ज्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही, आई.”

“दाखवू शकत नाही, की दाखवू देत नाही?”

सूनबाई म्हणाल्या, चहा निवतोय.

मग मी विचारले की या कागदात धाकटी कुठे आहे. तर म्हणाला, “तिचं बघायला मी आहे ना. आणि ती काही मागणाऱ्यातली नाही गं. सेल्फलेस आहे ती.” म्हणजे स्वतःसाठी काही नको असणारी, असा अर्थही त्यानेच सांगितला. जन्मभर हे शब्द घासले आहेत मी. साहेबाला असला शब्द लावतात तो त्याला कुणी काही विचारू नये म्हणून. बाईला लावतात तो तिने काही मागू नये म्हणून.

त्यानंतर धाकटीला तिच्या आत्याचा फोन आला, मावशीचा आला. सगळ्यांच्या तोंडी सेल्फलेस. धाकटी नवऱ्याचे घर सोडून परत आली तेव्हा याच मंडळींनी तिला नाही नाही ते ऐकवले होते. आता कुणीतरी बरे बोलले म्हटल्यावर पोरगी उन्हात ठेवलेल्या रोपासारखी टवटवीत झाली आणि मला म्हणाली, “आई, घरात काय ठेवलंय? दादाला हक्क सोडल्याची सही देऊन टाकते.”

म्हणून हा सगळा खटाटोप.

थोरल्याला मी कारखान्यातल्या न नेलेल्या सर्व पाट्या देते. शब्द शाबूत आहेत. नाव त्याने आपले कोरून घ्यावे, धाकटी मजुरी घेणार नाही.

कलम चौथे. हे घर, खालच्या कारखान्यासह, यजमानांनी माझ्या नावावर घेतलेले, माझ्या पश्चात एकट्या धाकटीचे.

कलम पाचवे, आणि हे टायपिंगवाल्यांनी ठळक करावे. धाकटीने भावाच्या नावे हक्क सोडला, किंवा सोडायला होकार दिला, तर घर तिलाही नाही आणि त्यालाही नाही. मग ते समोरच्या गॅरेजवाल्याला मिळेल. त्याचे आणि माझे हाडवैर आहे. बंद पडलेल्या गाड्या तो आमच्याच दारात आणून लावतो. पण त्याला कुणी कधी मोठा शब्द लावलेला नाही, आणि तो फसवतो तेही तोंडावर सांगून. ही बातमी ऐकून तो साक्षीला उभा राहायला धावत आला होता. ज्याला मिळू शकते त्याने साक्ष करायची नसते, असे ही कलमे तपासून देणाऱ्या वकिलांनी त्याला समजावले. जाताना माझ्या तब्येतीची चौकशी करून गेला, जन्मात पहिल्यांदा.

हे सगळे धाकटीला समोर बसवून टायपिंगवाल्यांकडून वाचून दाखवले. पदराचे टोक पिळत ती म्हणाली, “आई, लोक मला काय म्हणतील?”

मी म्हटले, “हावरट म्हणतील. आपल्या भाषेत म्हणतील, कळेल तरी.”

ती हसली नाही. टायपिंगवाल्यांकडे वळून म्हणाली, “ते चौथं कलम परत वाचा हो.” त्यांनी वाचले. तिने आणखी एकदा वाचायला लावले, आणि या वेळी ‘एकट्या’ हा शब्द आला तेव्हा मान हलवली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, म्हणून अंगठा देते.

डाव्या हाताचा अंगठा: लिहून ठेवणारीचा

साक्षीदार १: आमचे डॉक्टर. मी शुद्धीवर आहे याची त्यांनी तपासून खात्री केली. तपासताना त्यांच्या कडू औषधांबद्दल बोलणीही खाल्ली. सही.

साक्षीदार २: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई. यांना काही मिळत नाही आणि त्याबद्दल त्यांची तक्रार आहे. सही.

लेखनिक: कोपऱ्यावरचे टायपिंगवाले. सही.

ठिकाण: राहते घर, कारखान्यावरची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारच्या जेवणाआधी.