पोळ्याच्या दिवशी बसलेला बैल

शेलूबाजार,
११ ऑगस्ट २०२५

ती. गोजराताईस,

धाकट्या राजूचा साष्टांग नमस्कार. भाऊजींना रामराम, 'जय ख्रिस्त' ते घेत नाहीत. पत्र वाचून दाखवणाऱ्या योगिनीला मामाचा आशीर्वाद.

तुझी राखी पोचली. सोयाबीन बरं आहे. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन चारदा लावला, पण तू "काय म्हनतं?" विचारलंस की मी पावसाचं बोलत सुटतो.

ताई, आमच्या रविवारच्या प्रार्थनेत लोक साक्ष द्यायला उभे राहतात. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाचं दुखणं गेलेलं असतं. मी मात्र तीन वर्षं एकच पाप कबूल करून रडतो. बायांना ते पाठ झालंय. मी उभा राहिलो की त्या लेकरांना पाणी पाजून आणतात.

काल पास्टर प्रसेनजित वैतागले. "राजूभाऊ, देवानं पयल्याच रविवारी माफ केलं. तुमी काहून रोज उकरून राह्यले? नीतिमान तो ठरवते, तुमचं रडनं नाही."

"मंग मले हलकं काहून वाटत नाही?"

"त्या पापाचा आळ कोनावर आला होता?"

"ताईवर."

"मंग देवाले काय सांगता? त्याले ठाऊक हाय. तिले सांगा!"

योगिनी, भाऊजींना जवळ बसव आणि इथून मोठ्यानं वाच.

अठरा वर्षांपूर्वी पोळ्याला तुमच्या आसेगावात भाऊजी चारचौघांत म्हणाले, "या राजूच्यानं बैल काय, शेळीबी हालत नाही." मला राग आला. पाहुण्यांसाठी केलेल्या सतरा पुरणपोळ्या मी गोठ्यात नेऊन त्यांच्या मानाच्या बैलाला चारल्या. तो तोरणाखाली पोचला आणि खाली बसला. वाजंत्री थांबली, भाऊजींनी शेपूट पिळलं, तरी तो निवांत रवंथ करत राहिला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

मग घरातल्या पोळ्या गायब झाल्याचं कळलं आणि भाऊजी तुझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हिनं बैलाले जावई समजून चारलं!" आणि अख्खा गाव तुला हसला. मी तिथंच होतो, ताई. तोंड उघडलं नाही. दर पोळ्याला तू ते ऐकून घेतेस आणि तेव्हापासून पुरणाला हात लावत नाहीस. हे माझ्यामुळं झालं. मला फार वाईट वाटतं.

भाऊजी, तुमचा बैल मी बसवला. ताईचा काही दोष नव्हता.

येत्या पोळ्याला मी येतोय. तोरणाखाली उभा राहून गावासमोर हेच सांगीन. पोरं हसतील, हसू देत. देवाची भीती आता उरली नाही, तुझी आहे. दारातून हाकललंस तर मिळेल त्या जीपनं परतेन. घरात घेतलंस तर एक पोळी कर. अर्धी बैलाला, अर्धी मला.

देवाघरी माफ झालेला, तुझ्या दाराशी अजून उभा,
तुझा राजू