उंबर मोरीपर्यंत आला

अहो,

पाळणा रिकामा दिसला म्हणून एस.टी. स्टँडवर धावू नका. पुण्याला गेले नाही. बेबीला अंघोळीला शेजारी रंभाबाईंकडे नेलंय.

काल भांडताना म्हटलं, "असल्या वासात पोर आजारी पडेल, मी आईकडे जाते," ते मनात ठेवू नका. वास कशाचा ते सापडलं. मोरीत पाणी ओतू नका, आणि मागच्या दारी मुळांचा पुंजका काढून ठेवलाय तो आधी बघा, मग फेका.

सकाळी मीच पहारीनं मोरीमागची फरशी उचकटली. सांडपाण्याच्या खापरी नळाच्या सांध्यातून मूळ आत शिरलंय, विहिरीजवळच्या उंबराचं! सगळं अंगण ओलांडून, भिंतीखालून आलंय हो. नळभर नुसते बारीक, मऊ तंतू. हात लावला तर अगदी बेबीचं जावळ. तिला लावलेली साय आणि डाळीचं पीठ त्यात अडकून कुजत होतं. मी मात्र गोठ्याला, विहिरीला, तुम्हांला दोष देत बसले.

रंभाबाई हसून म्हणाल्या, "उंबराला बी तुज्या लेकीचं न्हानं लई ग्वाड लागलं म्हणायचं! आन् तू निघालीस पुन्याला."

कुऱ्हाड नको. घरमालक हैबतरावांना सांगा, नळ दुसऱ्या बाजूनं काढून द्या. तोवर बेबीच्या अंघोळीचं पाणी मी बादलीनं उंबरालाच नेऊन घालीन. इतक्या लांब यायला नको त्याला.

माझी बॅग दाराशी भरून ठेवलीय. रिकामी करून माळ्यावर टाका, माझा हात पोचत नाही.

इंदू